नळी खोटं बोलत नाही

"नारायणराव, काल जिलेबी किती खाल्ली?"

उकंडराव कंपाउंडरांनी मान वर न करताच विचारलं. त्यांच्या हातातल्या लाकडी चिमट्यात काचेची नळी होती. नळीत निळं औषध, त्यात नारायणरावांच्या लघवीचे आठ थेंब नुकतेच टाकलेले, आणि खाली स्पिरिटचा दिवा.

"जिलेबी? नाव नका काढू साहेब. रातच्याले वांग्याची भाजी अन् भाकर खाल्ली. घरी इचारा."

"घरच्याइले कायले इचारू? हे सांगते ना इथंच."

नळीतलं औषध उकळायला लागलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेच्या चुऱ्यासारखा गाळ तळाशी बसला. उकंडरावांनी नळी थेट नारायणरावांच्या नाकासमोर धरली. बाकावरचे पाच-सात रोगी माना लांब करून बघू लागले.

"दोन महिने झाले, रेशनच्या दुकानात साखर नाही," उकंडराव म्हणाले, "अन् तुमच्या लघवीत पहा किती हाये! गावानं तुमच्याच घरी कार्डं घेऊन यावं काय बाप्पा?"

लोक खदाखदा हसले. नारायणरावांचा वांग्या-मिरच्यांचा मळा सगळ्या वडनेरात मोठा. नांदुऱ्याच्या बाजारात त्यांचा माल आला की व्यापारी उठून उभे राहत. पण इथे दवाखान्याच्या मागच्या पडवीत त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"सोयऱ्याच्या घरी साखरपुडा होता जी. लयच आग्रह केला त्याइनं. चार खाल्ल्या."

"चार म्हंजे आठ."

"सहा असतील."

उकंडरावांनी नळी मोरीत उपडी केली आणि पुढची बाटली उचलली. खोटं पकडल्याचा आनंदही आता त्यांना होत नसे, इतकं ते रोजचं झालं होतं. माणूस म्हणजे खोटारडा प्राणी, असं त्यांचं ठाम मत होतं आणि बावीस वर्षं लोकांची लघवी उकळून ते त्यांनी स्वतःपुरतं सिद्ध केलं होतं. शेतकरी खोटारडे, व्यापारी महाखोटारडे, मास्तर खोटं बोलून वर उपदेश करणारे, आणि बायकांबद्दल तर बोलायलाच नको. खरी काय ती एक नळी. तिला ना जात ना जमीन ना सोयरेधायरे, ती खोटं बोलत नाही, असं ते दिवसातून दहा वेळा म्हणत.

आता हे उकंडराव शिकले किती, म्हणाल, तर मराठी सातवी. थोरल्या डॉक्टर खेर्डेकरांनी त्यांना मलमपट्टी करायला ठेवून घेतलं, मग पुड्या बांधायला शिकवलं, मग हे नळीचं काम दिलं. थोरले डॉक्टर गेले. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांचा मुलगा नागपूरहून डॉक्टर होऊन आला आणि वडिलांच्या खुर्चीत बसला. उकंडराव तोंडावर त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणत आणि मनात 'पोट्टं'. पुस्तकं वाचून आलेलं पोट्टं. त्याला काय माहीत या गावातले लोक काय चीज आहेत! त्यामुळे मागच्या पडवीतलं राज्य उकंडरावांचंच राहिलं. त्यांनी नळी बघून जे सांगावं ते डॉक्टरांनी कागदावर लिहावं, असा रिवाज पडून गेला होता.

आणि या राज्याची सगळ्यात सराईत गुन्हेगार त्यांच्या स्वतःच्या घरात होती.

त्यांच्या बायकोच्या, रुखमाबाईंच्या पायाला गेल्या साली काटा लागला आणि जखम दोन महिने भरेना. तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी दिली, गोड बंद केलं, भात कमी करायला सांगितला. रुखमाबाई सोनाळ्याच्या शेतकऱ्याची लेक. एकदा सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगावं लागू नये, अशा घरातली. त्या दिवसापासून त्यांनी चहातसुद्धा गुळाचा खडा टाकला नाही. पोळ्याला घरात पुरण शिजलं, ते त्यांनीच वाटलं, नवऱ्याला वाढलं आणि स्वतः भाकर-भाजी खाल्ली.

तरी नळी काही मानेना. उकंडराव घरीही रोज सकाळ-संध्याकाळ दिवा पेटवत. नळी निळीच राहिली तर साखर नाही. संध्याकाळी ती हिरवी यायची, म्हणजे बरं चाललेलं. आणि सकाळी नारिंगी! रात्री अर्धी भाकर खाऊन झोपलेल्या बाईची साखर सकाळी वाढलेली. याचा अर्थ काय होतो? कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल असा एकच अर्थ होतो. बाई रात्री उठून खाते.

"काय वं, रातच्याले काय खाल्लं?"

"अर्धी भाकर अन् घोळाची भाजी. तुमच्या समोर तं खाल्ली."

"अन् मंग?"

"मंग झोपली."

"झोपीत खाल्लं म्हंजे."

पहिल्या महिन्यात त्यांनी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. नळी नारिंगीच. मग स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला रात्री दोरा बांधून ठेवू लागले. सकाळी दोरा जसाच्या तसा. दुसरा कोणी असता तर इथे थांबून विचार करता. उकंडराव थांबले नाहीत. ही बया माझ्यासारखीच गाठ मारायला शिकली, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि बायकोच्या हुशारीचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं.

हे घरातच राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दवाखान्यात एखादा रोगी फारच हुज्जत घालू लागला की उकंडराव म्हणत, "अरे माह्या घरातच चोर हाये, तं तुमची काय गोष्ट! बायको रोज रातच्याले गूळ चोरते अन् सकायी माह्या डोळ्यात डोळे घालून नाही म्हणते." बाक हसायचा. आणि बाकावरचा माणूस घरी जाऊन सांगायचाच.

श्रावणात एकदा विहिरीवर गल्लीतल्या एका नव्या सुनेनं रुखमाबाईंच्या हातात पदराआडून काहीतरी ठेवलं. बघतात तर गुळाचा खडा. "घ्या काकू, आमी नाही सांगत कोणाले," असं म्हणून ती पोरगी हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला वाटलं, आपण म्हाताऱ्या बाईवर दया करतो आहोत. रुखमाबाईंनी तो खडा गाईला चारला, घागरी भरल्या आणि घरी आल्या. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं, आणि खोटारडी तर सवतीनंसुद्धा म्हटलं नसतं, असती तर.

त्या दिवशी दुपारी उकंडराव जेवायला बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी मले घरात काही म्हना. गावाले कायले सांगता?"

"खरं हाये ते सांगतो."

"खरं नाही ते."

"नळी म्हणते खरं हाये."

रुखमाबाई म्हणाल्या, "हरतालकेच्या दुसऱ्या दिशी सकायी तपासा मंग. तानाबाईच्या घरी समद्या बायका बसतेत. पाणी बी नाही घेत मी त्या दिशी. दहा जणींच्या नजरेसमोर राह्यते. मंग पाहा काय निघते ते. निळी निघाली तं त्याच दहा जणींसमोर म्हना, का हे बाई खोटी नाही."

"अन् नाही निघाली तं?"

"निघन."

उकंडराव हसले. त्यांना हा सौदा एकदम पसंत पडला.

हरतालिकेला गल्लीतल्या बायका तानाबाईंच्या घरी जमल्या. तानाबाई म्हणजे शेजारच्या किसनरावांची बायको, बोलायला फटकळ, पण मनानं चोख. नदीवरून वाळू आणून महादेवाची पिंड केली, पत्री वाहिली, कहाणी झाली, गाणी झाली. रुखमाबाई पहाटेपर्यंत तानाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. उपासाच्या दिवशी तोंडात काही घ्यायचं नाही म्हणून सकाळची गोळीसुद्धा त्यांनी घेतली नव्हती. दिवस उजाडल्यावर बायका पिंड नदीत सोडून आल्या, आणि तानाबाईंनी रुखमाबाईंसोबत जाऊन, स्वतःच्या हातानं बाटली आणून उकंडरावांच्या अंगणात ठेवली. मागे आठ-दहा बायका, कोणाच्या कडेवर लेकरू, सगळ्या पारोशा तोंडाच्या, उपाशी, पण घरी जायला कोणी तयार नाही.

उकंडरावांनी दिवा पेटवला. आठ थेंब मोजून टाकले. नळी धरली.

निळं हिरवं झालं. रुखमाबाई ताठ उभ्या होत्या. हिरव्याचं पिवळं झालं. मग नारिंगी.

उकंडरावांनी नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"पाहा," ते म्हणाले. "माह्या आयुष्यासाठी उपास धरते म्हणते, अन् त्याच उपासात गूळ खाते. वा रे वा पतिव्रता!"

"भाऊजी," तानाबाई पुढे आल्या. "रातभर हे माह्याजवळून हालली नाही. पाण्याचा घोट नाही घेतला तिनं."

"डोळा लागला असन तुमचा."

"माहा एकटीचा का समद्याइचा?"

"नळी खोटं बोलत नाही तानाबाई. आभाळातून पडली का मंग साखर? उपाशी माणसाच्या पोटात साखर येते कुठून, सांगा ना!"

रुखमाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातली नळी जवळून, नीट पाहिली. वर्षभरात पहिल्यांदाच. त्यांना वाटलं असेल की आपल्याच अंगातून निघालेलं हे पाणी आपल्याविरुद्ध का बोलतंय. "म्या नाही खाल्लं," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बायकाही एकेक करून गेल्या. हरतालिका मोडलेली बाई म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं आणि त्यांना ते बोलायचं नव्हतं.

उकंडरावांनी मात्र त्या दिवशी दवाखान्यात हा किस्सा चार वेळा सांगितला. आणि संध्याकाळी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. एका गोळीनं ही बाई आटोक्यात येत नाही, तर दोन. डॉक्टरांना विचारायची गरज त्यांना वाटली नाही. बावीस वर्षांच्या अनुभवानं पोट्ट्याला काय विचारायचं? दुसऱ्या दिवसापासून ते समोर उभे राहून दोन गोळ्या गिळायला लावू लागले.

"तोंड उघड. जीभ वर कर."

रुखमाबाई तोंड उघडत, जीभ वर करत. आणि त्यांनीही मनाशी एक ठरवलं होतं. खाल्ल्याचा आळ येतो ना, मग खायचंच नाही. दुपारी चतकोर भाकर, रात्री काही नाही. नवऱ्याच्या ताटात सगळं वाढायचं आणि आपलं ताट झाकून ठेवायचं. उकंडरावांनी ते पाहिलं आणि नाटक आहे असं म्हणून सोडून दिलं. पुढचे तीन दिवस सकाळी नळी पिवळी, मग हिरवी आली, तेव्हा त्यांना आपल्या दोन गोळ्यांचा केवढा अभिमान वाटला!

मग महालक्ष्म्या आल्या. त्या तानाबाईंच्या घरी बसत. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. सगळी गल्ली जेवायला. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात काही घेत नसे, आणि सगळा स्वयंपाक होऊन नैवेद्य व्हायला दुपार टळायची. रुखमाबाई दरवर्षीप्रमाणे सकाळीच मदतीला गेल्या. तानाबाईंनी त्यांना बोलावणं पाठवताना मुद्दाम निरोप दिला होता, की पुरण रुखमाबाईच वाटतील. ज्या बाईवर गूळ चोरल्याचा आळ, तिच्याच हाती सगळं पुरण. गल्लीला जे सांगायचं ते तानाबाईंनी अशा रीतीनं सांगितलं. उकंडरावांनी हे ऐकून नाक मुरडलं, पण जाण्याआधी बायकोला दोन गोळ्या गिळायला लावायला ते विसरले नाहीत.

दुपारी पुरुषमंडळी ओसरीवर येऊन बसली होती. आत बायकांची धांदल. एकाएकी आतून तानाबाईंचा आवाज आला, "अवो, हे काय करून राह्यली? रुखमाबाई!"

रुखमाबाई पाट्यापाशी बसल्या होत्या. हात थरथरत होते. चेहरा घामानं निथळत होता, लुगडं पाठीला चिकटलं होतं. तानाबाईंकडे पाहून त्या म्हणाल्या, "माय, बैल सोडले का वं?" त्यांची आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मग त्या हसल्या, उठायला गेल्या आणि पाट्याशेजारीच कोसळल्या.

उकंडराव धावत आत आले. खाली बसून त्यांनी बायकोचा हात उचलला. बोटांना पुरण लागलेलं होतं.

"खाल्लं!" ते ओरडले. "पाहा, हात पाहा! पुरण खाल्लं तिनं! साखर चढली डोक्यात!"

"बाप्पा, पुरण वाटून राह्यली होती ते," तानाबाई म्हणाल्या. "हाताले पुरण नाही लागन तं काय लागन? नैवद्य व्हायचा हाये अजून. कोणी खाल्लं नाही."

"देवीच्या आधी खाल्लं म्हंजे. उष्टं केलं समदं!"

घरात महालक्ष्म्या बसलेल्या, आणि हा माणूस हे बोलतो! दोन-तीन बायकांनी तोंडाला पदर लावला. तानाबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. "आवंदा लय वाळली हे बाई. उपाशी हाये, भोवळ आली. गुळाचं पाणी आणा," असं म्हणत त्यांनी स्वतःच तांब्यात गूळ कुस्करला आणि रुखमाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

उकंडरावांनी तांब्या हिसकून फेकला. गुळाचं पाणी भिंतीवर उडालं.

"मारता का तिले? साखरेनं पडली, अन् तिले गूळ? अक्कल हाये का? बायकांच्या हातचा हा कारभार! हात नाही लावायचा कोणी!"

बायका मागे सरल्या. दवाखान्यातला माणूस बोलतो आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? किसनरावांनी कोणाला न विचारता सायकल काढली आणि ते डॉक्टरांकडे गेले. उकंडराव बायकोच्या उशाशी बसून राहिले आणि जमलेल्यांना साखरेचा आजार समजावून सांगत राहिले. बाई खाते कशी, लपवते कशी, शेवटी असं होतं कसं. रुखमाबाईंचे दात घट्ट बसले होते, घशातून घरघर येत होती. बोलता बोलता उकंडरावांचा हात त्यांच्या कपाळावर गेला. गार. ओलागच्च. साखर चढून बेशुद्ध पडलेली दोन-तीन माणसं त्यांनी थोरल्या डॉक्टरांच्या काळात पाहिली होती. ती कोरडीठाक असायची, जीभ चामड्यासारखी. मनात काहीतरी टोचलं. पण आता सगळ्या गल्लीसमोर आपण बोलून चुकलो होतो, म्हणून ते बोलतच राहिले.

पाव तासानं डॉक्टर आले. त्यांनी कपाळाला हात लावला, डोळे उघडून पाहिले आणि विचारलं, "गोळी किती घेतली आज?"

"दोन," उकंडराव म्हणाले.

"दोन? दोन कोणी सांगितल्या?"

उकंडरावांनी पडलेला तांब्या उचलून भिंतीशी उभा केला.

"सकाळपासून काही खाल्लं होतं?"

"कालपासूनच काही नाही जी," तानाबाई म्हणाल्या. "चार दिस झाले, चतकोरावर हाये हे बाई. मले काल कळलं."

डॉक्टरांनी मोठी पिचकारी काढली, साखरेचं पाणी भरलं आणि दंडाला पट्टी आवळून सावकाश शिरेत सोडायला सुरुवात केली. उकंडरावांनी स्वतःच्या हातानं शेकडो वेळा ती बाटली कपाटातून काढून दिली होती, तिच्यावर काय लिहिलेलं आहे हे त्यांना पाठ होतं. ग्लुकोज. साखर. आत्ता ज्या साखरेला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, तीच. पिचकारी पूर्ण रिकामी होण्याआधीच रुखमाबाईंनी डोळे उघडले आणि "पुरण करपलं का?" असं विचारलं. तानाबाई मोठ्यानं रडल्या.

डॉक्टरांनी उकंडरावांना ओसरीवर बोलावलं. एरवी हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"उकंडराव, यकृत म्हणजे काय माहीत आहे?"

"हाव. लिव्हरचं टॉनिक देतो ना आपण."

"बावीस वर्षं देताय. ते काय करतं, कधी विचारलंत?"

उकंडरावांनी विचारलं नव्हतं. कावीळ झाली की टॉनिक द्यायचं, एवढं त्यांना माहीत होतं.

"खाटकाकडे कलेजी मिळते, तेच ते," डॉक्टर म्हणाले. "जेवणातली साखर ते साठवून ठेवतं. माणूस झोपला, उपाशी राहिला की तीच साखर थोडी थोडी रक्तात सोडतं. साठा संपला तर अंगातल्या मांसापासून नवी तयार करतं. नाहीतर तुम्ही-आम्ही रोज रात्री झोपेतच मेलो असतो. धडधाकट माणसाचं यकृत बेतानं सोडतं. या आजारात त्याला धरबंध राहत नाही. रक्तात साखर आहे तरी ते रात्रभर ओततच राहतं. सकाळी नळी नारिंगी येणारच. त्यासाठी गूळ चोरावा लागत नाही."

"अन् गोळी?"

"गोळी यकृताला आवर घालणारा रस वाढवते. एक गोळी, दोन वेळची भाकर, तर जमतं. तुम्ही दोन दिल्या, आणि ती चार दिवस उपाशी. साठा संपलेला, आणि जे तयार करू म्हणत होतं त्यालाही तुम्ही आवळून धरलं. मग डोक्याला साखर मिळणार कुठून? गुळाचं पाणी तोंडात गेलं असतं तर ती पडल्या पडल्या उठून बसली असती."

तानाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"हरतालकेच्या दिशी तिनं गोळी घेतली नव्हती," ते हळूच म्हणाले.

"मग त्या सकाळी तर नारिंगी यायलाच हवी."

"म्हंजे तिनं खाल्लं नव्हतं?"

"ते मला काय माहीत?" डॉक्टर म्हणाले. "कोण खरं बोलतं ते नळीत दिसत नाही. ते माणसाला विचारायचं असतं. तुमची बायको आहे ना ती?"

डॉक्टर गेले. महालक्ष्म्यांना नैवेद्य झाला, पंगती बसल्या. उकंडरावांच्या ताटात कोणी कमी वाढलं नाही, पण पुन्हा हवं का म्हणून विचारायला कोणी आलंही नाही. उठताना ते तानाबाईंपाशी थांबले. आपण मोठं काहीतरी देतो आहोत अशा थाटात म्हणाले, "तिनं खाल्लं नव्हतं, तानाबाई. डॉक्टरच म्हणे."

"आमाले माहीत हाये."

"माहीत होतं, तं मंग काऊन नाही बोलल्या?"

"बोललो ना. अंगणात उभ्या राहून बोललो," तानाबाई म्हणाल्या. "तुमी नळीले इचारून राह्यले होते."

संध्याकाळी घरी उकंडरावांनी रुखमाबाईंना सगळं सांगितलं. यकृत काय, साठा काय, रात्री ते काय करतं. अगदी डॉक्टरांच्याच शब्दांत, जणू आपणच शोधून काढलं. रुखमाबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. शेवटी उकंडराव म्हणाले, "म्हंजे तू खोटं नव्हती बोलत."

"हे मले कायले सांगता? मले माहीतच होतं."

"मले आज पटलं म्हणून सांगतो."

"डॉक्टरनं सांगितलं म्हणून ना?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

उकंडराव एका दिवसात सुधारले, असं काही झालं नाही. अशी माणसं सुधारत नाहीत. दवाखान्यात लोकांना खोटारडे म्हणणं चालूच राहिलं. फक्त बाकावर कोणीतरी हळूच म्हणायचं, "साहेब, कलेजीनं केली असन साखर," आणि बाक हसायचा. आता तो बाक त्यांच्यावर हसत होता. घरी गोळ्या रुखमाबाई स्वतः मोजून घेत, महिन्यातून एकदा स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन बसत. घरात दोघं बोलत नव्हती असंही नाही. भाजी काय, पाणी आलं का, इतकं बोलणं रोज व्हायचं.

वर्ष गेलं. पुन्हा हरतालिका आली. निर्जळी उपास डॉक्टरांनी बंद केले होते. दूध आणि एखादं केळं घेऊन, गोळी अर्धी करून नावाला उपास धरला तर हरकत नाही, असं ते म्हणाले होते. उकंडरावांना हे बरोबर लक्षात होतं. आदल्या दिवशी त्यांनी नांदुऱ्याहून केळी आणली आणि रुखमाबाईंना दिसतील अशी खुंटीला टांगली. हा इतका सगळ्यांना तुच्छ लेखणारा माणूस, पण त्या आठवड्यात त्याची झोप उडाली होती. बायको आपल्यासाठी उपास धरील ना, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं, आणि ही गोष्ट कोणाला विचारण्यासारखी नव्हती.

सकाळी गल्लीतल्या बायका वाळू आणायला नदीवर निघाल्या. रुखमाबाईंनी रोजच्या वेळी चूल पेटवली, भाकर थापली, अंबाडीची भाजी केली. ताट घेऊन त्या उंबऱ्यापाशी बसल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशा. तानाबाई समोरून गेल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, रुखमाबाईंकडे पाहिलं आणि त्या पुढे चालत राहिल्या.

उकंडराव आतून बाहेर आले.

"केळी आणली होती ना तुह्यासाठी," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणे, दूध-केळ्यावर जमते उपास. धरता येते तुले."

रुखमाबाईंनी तोंडातला घास संपवला.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

उकंडराव आत गेले आणि खुंटीवरची केळी हातात घेऊन दारात उभे राहिले. नदीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. रुखमाबाईंनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि सावकाश चावत राहिल्या.